चार दिवसांचा हिशेब

(शीळफाटा इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)

पंधरा मिनिटं उशीर झाला, माफ करा. कारण सांगायची गरज नाही, तुम्हीही याच फाट्यावरून आलात. कल्याणचा रस्ता, महापेचा रस्ता, पनवेलचा रस्ता आणि मुंब्रा बायपासवरून उतरणारे कंटेनर, सगळे एका जागी येऊन थांबलेले. कुठली बाजू आधी सोडायची हे जोवर कोणी ठरवत नाही, तोवर चारही बाजू अडकून राहतात. आज आम्ही जे बोलणार आहोत त्याची ही प्रस्तावनाच समजा.

आजचा विषय आहे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये ज्या दंगली झाल्या, त्यांचा. आम्ही सहा-सात जण गेले काही महिने तो एकत्र बसून वाचतोय. आमच्यात कौशाचे आहेत, दिव्याचे आहेत, डोंबिवलीचे आहेत. वकील कोणी नाही, निवृत्त पोलिस कोणी नाही. साधे वाचक.

आता कोणी म्हणेल, समीक्षा करायची तर कादंबरीची करा, नाटकाची करा, सरकारी अहवालाची कसली समीक्षा? आमचं म्हणणं असं की अहवाल हेही लिखाणच असतं. लिहिणाऱ्याला कोणीतरी प्रश्न ठरवून दिलेले असतात. काही ठिकाणी तो थांबून बारकाईनं सांगतो, काही ठिकाणी एका वाक्यात पुढे सरकतो. कुठे थांबला आणि कुठे सरकला, हे पाहणं म्हणजेच समीक्षा. आणि आपल्यासाठी त्याला आणखी एक कारण आहे. या अहवालात ज्या घटना आहेत, त्यांनी घडवलेलं एक शहर या सभागृहाच्या खिडकीतून दिसतं. त्याचं नाव मात्र त्या दंगलींच्या हिशेबात कुठे धरलेलं नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ.

अहवालात बोलण्यासारखं खूप आहे. आम्ही दोनच गोष्टी घेतल्यात: गुप्तवार्ता आणि लष्कर. म्हणजे सरकारला आधी काय कळलं होतं, आणि कळल्यावर हाताशी असलेलं शेवटचं बळ त्यानं कसं वापरलं.

थोडी उजळणी

आमच्यात तिशीच्या आतले चार जण आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्याच संध्याकाळपासून मुंबईत हिंसा सुरू झाली. पहिला टप्पा ६ ते १० डिसेंबर, दुसरा ६ ते २० जानेवारी. राज्यात काँग्रेसचं सरकार, मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक. पोलिस आयुक्त श्रीकांत बापट. २५ जानेवारी १९९३ ला आयोग नेमला गेला. जानेवारी १९९६ मध्ये शिवसेना-भाजप सरकारनं तो गुंडाळला, आणि मे महिन्यात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू केला. १६ फेब्रुवारी १९९८ ला अहवाल सरकारच्या हाती आला. कायद्यानं सहा महिन्यांच्या आत तो विधिमंडळासमोर ठेवावा लागतो. ६ ऑगस्टला, म्हणजे मुदत संपता संपता, मनोहर जोशींच्या सरकारनं तो ठेवला, तोही एकतर्फी म्हणून नाकारत.

आकडे अहवालातलेच. मृत ९००. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख लागली नाही, ५ इतर. आयोगासमोर २१२६ प्रतिज्ञापत्रं आली, ५०२ साक्षीदार तपासले गेले. एवढं काम करून न्यायमूर्तींनी जे लिहिलं, ते सरळ भाषेत लिहिलं, हे आधीच मान्य करून टाकू. डिसेंबरमध्ये रस्त्यावर उतरलेले मुसलमान जमाव संतापलेले, नेता नसलेले होते आणि पोलिसांनी त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं, असं ते म्हणतात. जानेवारीत, ८ तारखेपासून पुढे, शिवसेनेच्या नेत्यांनी संघटित हल्ले चालवले, असंही म्हणतात. दोन्ही बाजूंच्या लोकांना न आवडणारं लिहायला हिंमत लागते. तेव्हा आमची टीका ही त्या हिमतीबद्दलचा आदर ठेवून केलेली टीका आहे.

फळ्यावर लिहिलेली गुप्त बातमी

आता गुप्तवार्ता. मुंबई पोलिसांची विशेष शाखा असते, राज्याचा गुप्तवार्ता विभाग असतो, केंद्राचा वेगळा असतो. शिवाय प्रत्येक पोलिस ठाण्यात ‘गोपनीय’चं काम पाहणारे हवालदार असतात, साध्या कपड्यांतले, चहाच्या टपरीवर बसणारे. ज्यांना आपल्याकडे अजूनही सरसकट ‘सीआयडीवाले’ म्हणतात. एवढी माणसं असताना मुंबई बेसावध कशी राहिली?

नेहमीचं उत्तर: माहिती कमी पडली. दंगल झाली की दुसऱ्या दिवशी हे वाक्य ठरलेलं असतं, ‘गुप्तचर यंत्रणेचं अपयश’. ऐकायला बरं वाटतं, कारण त्यात दोष कोणाच्या नियतीचा राहत नाही, यंत्राचा होतो. यंत्र काय, दुरुस्त करता येतं. माणसं वाढवा, गाड्या द्या, वायरलेस द्या.

आता अहवालातलेच तपशील बघा. १९९२ च्या उत्तरार्धात मुंबईत रामपादुकांच्या मिरवणुका निघत होत्या, चौकसभा होत होत्या. ६ डिसेंबरला मशीद पडल्याची बातमी येताच धारावीत शिवसैनिकांची सायकल रॅली निघाली. डिसेंबरच्या शेवटी महाआरत्या सुरू झाल्या आणि जानेवारीत त्यांचा जोर वाढला. काही महाआरत्यांहून परतणाऱ्या जमावांनी वाटेत तोडफोड केली, याचीही नोंद आहे. ‘सामना’ रोज छापून येत होता.

यातलं गुप्त काय होतं? मिरवणुकीला ढोल असतो. महाआरतीला लाऊडस्पीकर असतो. त्या काळातली मुंबई ज्यांनी पाहिलीय त्यांना नाक्यानाक्यावरचे फळे आठवत असतील. खडूनं, झोकदार अक्षरांत, पल्याडच्या फुटपाथवरून वाचता येईल असं लिहिलेलं. ते वाचायला हेर लागत नाही, चष्मा लागतो.

म्हणून ‘माहिती कमी पडली’ हे म्हणणं आम्हाला पटत नाही. माहिती भरपूर होती. कमी पडलं ते दुसरंच. ही माहिती कागदावर लिहून ‘यावर आजच्या आज काय करणार?’ असा प्रश्न वरच्याच्या टेबलावर ठेवणारं कोणी नव्हतं, आणि ठेवला तर त्याचं उत्तर देणारं नव्हतं. गुप्तवार्तेचं काम बातमी मिळवण्यापाशी संपत नाही. बातमीवर कोणीतरी सही करून हुकूम देतो, तिथे ते संपतं. अहवाल पोलिसांच्या ढिलाईवर आसूड ओढतो, नावं घेतो, ३१ पोलिसांवर ठपका ठेवतो. पण बातमीपासून हुकुमापर्यंतचा जो जिना आहे, त्याच्या कोणत्या पायरीवर कागद अडला, हे पायरी-पायरीनं दाखवत नाही. आमच्या मते ही त्याची पहिली उणीव.

ट्रक येतो, ट्रक जातो

दुसरी गोष्ट लष्कराची. आमच्या गटात एक काका आहेत. सत्तरी ओलांडलेले. जानेवारी १९९३ मध्ये ते मुंबईतल्या एका चाळीत राहायचे. वाचता वाचता या भागाशी आलो तेव्हा ते म्हणाले, “मिलिटरी आली होती ना आमच्याकडे. ट्रकमध्ये बसलेले जवान, हातात बंदुका. आम्ही खिडक्या उघडल्या. पोरं तर टाळ्या वाजवत होती. ट्रक गेला. अर्ध्या तासानं गल्ली पुन्हा जशीच्या तशी.” मग थोडं थांबून म्हणाले, “मला एवढंच कळत नाही, त्यांना थांबायला कोणी सांगायचं होतं?”

मंडळी, पुढचं सगळं व्याख्यान हे काकांच्या या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे.

याला ध्वजसंचलन म्हणतात. फ्लॅग मार्च. लष्कराच्या गाड्या ठरल्या रस्त्यानं फिरतात, लोकांना दिसतात, धाक बसावा अशी अपेक्षा असते. पहिल्या दिवशी बसतोही. पण जमावाला एकदा कळलं की या ट्रकनं थांबायचं नाही असंच ठरलंय, की धाक उतरतो. आणि लष्कराचा उतरलेला धाक पोलिसांना पुन्हा चढवता येत नाही, कारण त्याच्या वरचं बळ राज्याकडे शिल्लकच नसतं.

गंमत बघा, आपल्या कायद्यात ध्वजसंचलन नावाची गोष्टच नाही. त्या वेळी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती, १९७३ ची. तिचं १२९, १३० आणि १३१ ही कलमं आम्ही गटात मोठ्यानं वाचली. सोप्या भाषेत सांगतो. १२९ म्हणतं, बेकायदा जमाव पोलिसांनी पांगवावा. तेवढ्यानं भागलं नाही तर १३०. तिथे हजर असलेला सर्वांत वरचा कार्यकारी दंडाधिकारी सशस्त्र दलाच्या अधिकाऱ्याला जमाव पांगवायला सांगू शकतो. त्यानं सांगितलं की अधिकाऱ्यानं ते करायचंच. मात्र कसं करायचं हे अधिकाऱ्यानं ठरवायचं, आणि कमीत कमी बळ वापरून, कमीत कमी इजा करून करायचं. १३१ आणखी पुढे जातं. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षितता उघड उघड धोक्यात असेल, तर लष्करी अधिकारी स्वतःहून कृती करू शकतो. संपर्क झाला की पुढे चालू ठेवायचं की नाही, ते मात्र दंडाधिकाऱ्याला विचारायचं. १ जुलै २०२४ पासून संहिता बदलली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे १४८, १४९, १५० झाले. गाभा तोच.

म्हणजे कायद्यानं काकांच्या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलंय. थांबायला सांगायचं होतं ते मुलकी अधिकाऱ्यानं. कसं थांबायचं ते ठरवायचं होतं लष्करानं. यात दिल्लीहून फौज यायची वाट बघायची नव्हती. कुलाब्याला छावणी आहे. जवान होते, ट्रक होते, कायदा होता.

मग अडलं कुठे? इथे श्रीकृष्ण अहवाल फार महत्त्वाची गोष्ट सांगतो, आणि त्यासाठी आपण त्याचे ऋणी राहायला हवं. जानेवारीतले चार मोलाचे दिवस मुख्यमंत्र्यांनी लष्कराचा परिणामकारक वापर करण्याचा विचार करण्यात आणि तसे हुकूम देण्यात घालवले, असा त्याचा निष्कर्ष आहे. राजकीय नेतृत्व निष्प्रभ होतं, राजकीय कारणांसाठी चालढकल झाली, आयुक्तांना एकमेकांना छेद देणारे आदेश गेले आणि तो गोंधळ खाली शिपायापर्यंत झिरपला, असंही तो सांगतो. सरकारी अहवालात दिवस मोजून दोष दिलेला आम्हाला तरी फारसा आढळला नाही. ‘विलंब झाला’ एवढं लिहून सुटता आलं असतं. न्यायमूर्तींनी आकडा दिला. चार.

आता त्या आकड्याशेजारी अहवालातलाच दुसरा आकडा ठेवा. ९०० पैकी ३५६ माणसं पोलिसांच्या गोळीबारात मेली. भोसकण्यानं ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या मारहाणीत ८०. म्हणजे मृत्यूचं सर्वांत मोठं एकच कारण पोलिसांची गोळी. तेव्हा ‘सरकारनं बळ वापरायला कचरलं’ असं सरसकट म्हणता येणार नाही. गोळ्या झाडल्या जात होत्या. पण ज्या दलाविषयी पक्षपाताचा संशय होता, आणि जो आयोगानं पुढे खरा ठरवला, त्या दलाच्या गोळ्या झाडल्या जात होत्या. ज्या दलावर चाळीतल्या दोन्ही धर्मांच्या लोकांचा विश्वास होता, ते ट्रकमधून फिरत होतं. अहवालात हे दोन्ही आकडे आहेत, पण दोन वेगळ्या पानांवर. आम्हाला वाटतं, ते शेजारी मांडले असते तर अहवालाचं सगळ्यात कठोर वाक्य आपोआप तयार झालं असतं.

आणि एक बोचणारी गोष्ट. या अहवालात सैन्य चालवणाऱ्या सेनानीची उपमा येते. कोणासाठी? बाळासाहेब ठाकरे यांच्यासाठी, त्यांनी शिवसैनिकांना कसं हलवलं ते सांगताना. खऱ्या लष्कराला हुकूम मिळेना, आणि सेनापतीची उपमा मात्र एका पक्षप्रमुखाच्या वाट्याला आली. न्यायमूर्तींनी हे ठरवून केलं असेल असं नाही. पण त्या चार दिवसांत शहरात हुकूम कोणाचा चालत होता, हे त्या एका उपमेतून कळतं.

प्रश्नपत्रिका कोणी काढली?

मग आमची तक्रार काय? तक्रार अशी की अहवाल ‘राजकीय कारणांसाठी’ असं म्हणतो आणि निष्कर्षात तिथेच थांबतो. कोणती कारणं? कोणी कोणाला थोपवलं? मुख्यमंत्र्यांकडे लेखी मागणी कधी गेली, लष्कराच्या अधिकाऱ्याला लेखी कधी मिळालं, त्यात नेमके शब्द काय होते? हे तास-मिनिटांचं टिपण निष्कर्षात हवं होतं. त्या वेळी देशाचे संरक्षणमंत्री शरद पवार होते, महाराष्ट्राचेच, आणि मार्च १९९३ मध्ये तेच मुख्यमंत्री म्हणून मुंबईत परतले. मुंबई आणि दिल्ली यांच्यात त्या चार दिवसांत काय बोलणं झालं, हे वाचकाला कळायला हवं होतं. आम्ही कोणावर आरोप करत नाही. जागा रिकामी आहे आणि रिकाम्या जागेत अफवा वाढतात, एवढंच म्हणतोय.

पण हा दोष सगळा न्यायमूर्तींचा नाही. आयोगाला कामाची चौकट सरकार देतं. या आयोगाला दिलेली चौकट वाचा. घटना कशा घडल्या, जबाबदार कोण, पोलिसांची पूर्वतयारी पुरेशी होती का, पोलिसांनी केलेले उपाय योग्य होते का, पोलिस गोळीबार समर्थनीय होता का, पुढे काय करावं. पोलिस, पोलिस, पोलिस. लष्कराला हुकूम देण्याची साखळी तपासा, गुप्तवार्तेचे कागद कुठे अडले ते तपासा, असं कुठे म्हटलेलंच नाही. ज्यानं पेपर काढला त्यानं स्वतःवरचा प्रश्न वगळला. तरीही परीक्षा देणाऱ्यानं समासात त्याचं उत्तर लिहिलं, चार दिवस. समासात लिहिलं म्हणून ते आखूड राहिलं.

दुसरी मर्यादा भूगोलाची. चौकट होती बृहन्मुंबई पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीपुरती. मुलुंडचा नाका ओलांडला की अहवाल संपतो.

पारसिकच्या अलीकडे

आणि मंडळी, मुलुंडचा नाका ओलांडला की आपण सुरू होतो.

१९९३ पूर्वीचं मुंब्रा-कौसा ज्यांना आठवतंय त्यांना विचारा. कोकणी मुसलमानांची घरं, आगरी-कोळ्यांची गावं, पारसिकचा डोंगर, खाडी, भातशेती. दंगलीनंतर मुंबईतून कुटुंबांमागून कुटुंबं इथे आली. टेम्पोत कपाट, गॅसचं सिलिंडर, गोधड्या. पाहता पाहता गावाचं काही लाखांचं शहर झालं. मुसलमान बहुसंख्येनं इथे आले. काही हिंदू कुटुंबांनीही आपली वस्ती सोडून आपल्या लोकांत घर शोधलं. कोणीच आवडीनं आलं नाही. त्या चार दिवसांत त्यांनी एक धडा घेतला होता: ट्रक थांबत नाही. सरकारच्या हुकुमावर विसंबता येत नाही, तर शेजारी तरी आपला असू दे.

हा हिशेब कुठल्याच अहवालात नाही. मेलेल्यांचा आहे, जखमींचा आहे. हलून गेलेल्यांचा नाही. आणि जागेच्या या घाईनं पुढे काय केलं तेही आपण पाहिलंय. स्वस्त जागा हवी, लगेच हवी, कागद नंतर बघू. गरजू आला की बेकायदा बांधणारा येतोच. ४ एप्रिल २०१३ ला इथेच, शीळफाट्यावर, लकी कंपाउंडमधली बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडली आणि ७४ माणसं गेली. त्या इमारतीतली माणसं दंगलीमुळे आलेली होती असं आम्ही म्हणत नाही, बरेच तर तिथेच काम करणारे मजूर होते. पण कायद्याकडून काही होत नाही अशी समजूत एकदा मुरली की ती दंगलीपुरती राहत नाही, घराच्या पायापर्यंत जाते.

गुप्तवार्तेची दुसरी बाजूही इथल्याच लोकांनी पाहिली. १५ जून २००४ ला अहमदाबादजवळ गुजरात पोलिसांच्या गोळीबारात चौघे मारले गेले. त्यात मुंब्र्याची १९ वर्षांची कॉलेजात शिकणारी इशरत जहाँ होती. हे दहशतवादी होते आणि गुप्तवार्ता विभागाची खबर होती, असं पोलिसांचं म्हणणं. २००९ मध्ये अहमदाबादच्या दंडाधिकाऱ्यांनी चकमक बनावट असल्याचं सांगितलं. २०११ मध्ये उच्च न्यायालयानं नेमलेल्या तपास पथकानंही ती खरी नसल्याचं म्हटलं. २०१४ मध्ये सीबीआयनं केंद्रीय गुप्तवार्ता विभागाच्या चार अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्र सरकारनं खटल्याला मंजुरी दिली नाही. २०२१ मध्ये उरलेल्या तीन पोलिस अधिकाऱ्यांनाही गुजरात सरकारची मंजुरी नसल्यानं विशेष न्यायालयानं खटल्यातून वगळलं, आणि मृत व्यक्ती दहशतवादी नव्हत्या असं प्रथमदर्शनी दिसत नाही, असंही नोंदवलं. कोण काय होतं याचा निवाडा करायला आम्ही इथे बसलेलो नाही. आमचा मुद्दा एवढाच की साक्षीपुरावे तपासून दूध का दूध होण्याआधीच कागद मंजुरीच्या टेबलावर थांबला. १९९३ मध्ये हुकूम निघाला नाही. इथे मंजुरी निघाली नाही. दोन्ही वेळा निर्णय न घेणं हाच निर्णय ठरला, आणि न घेतलेल्या निर्णयाखाली कोणाची सही नसते.

मग भिवंडीत काय वेगळं होतं?

तुम्ही म्हणाल, टीका करणं सोपं आहे, दुसरं काही शक्य होतं का? होतं. आणि लांब नाही, कल्याणच्या पलीकडे, भिवंडीत.

भिवंडीचं नाव दंगलीशी असं जोडलेलं होतं की लोक सोयरीक करताना विचार करत. मे १९७० ची दंगल शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून पेटली. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांनी केली, आणि दंगलीनंतर नेमलेल्या खास तपास पथकानं कसा एकतर्फी तपास केला हे त्यांनी ठणकावून सांगितलं. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं. अशा भिवंडीत डिसेंबर १९९२ मध्ये, शेजारची मुंबई जळत असताना, दंगल झाली नाही.

१९८८ पासून तिथे पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असं आहे. कमिटीत दोन्ही धर्मांची साधी माणसं, यंत्रमागवाले, दुकानदार, आणि सोबत त्या भागाचा पोलिस. नियमित बैठका. शांतता असतानाही बैठका, हे महत्त्वाचं.

याकडे सहसा ‘सलोख्याचा प्रयोग’ म्हणून पाहतात, हार-तुरे देऊन सोडून देतात. आमच्या मते ती गुप्तवार्तेचीच व्यवस्था होती, फक्त गुप्तपणा काढून टाकलेली. खबर घेणारा पोलिस आणि खबर देणारा माणूस एकमेकांसमोर बसलेले. खबर दिली तर पुढच्या बैठकीत विचारता येतं, ‘साहेब, त्याचं काय केलं?’ टपरीवरच्या खबऱ्याला हे विचारता येत नाही. वर आम्ही जो जिना म्हणालो ना, बातमीपासून हुकुमापर्यंतचा, तो भिवंडीत चार पायऱ्यांचा केला होता आणि त्यावर दिवा लावला होता.

भिवंडी छोटी, मुंबई अवाढव्य, हे खरं. एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर व्यवस्था चालत नाही, हेही खरं. तरी ‘माहिती नव्हती’ या सबबीला भिवंडी हे जिवंत उत्तर आहे.

आमच्याच म्हणण्यावर एक हरकत

गटात यावर भांडण झालं, तेही सांगतो. एक जण म्हणाली, तुम्ही लष्कराला हुकूम द्या, द्या म्हणताय. शहरात लष्कर सोडणं ही काय हौसेची गोष्ट आहे? फेब्रुवारी १९४६ आठवा. नौसैनिकांचा उठाव झाला, ठाण्याजवळ कोलशेतच्या ‘अकबर’ तळावरचे खलाशीही त्यात होते. मुंबईचे गिरणी कामगार पाठिंब्याला रस्त्यावर उतरले, आणि इंग्रजांनी फौज घातली. दोन-तीन दिवसांत दोनशेहून जास्त माणसं मेली. तिथे हुकुमाला उशीर झाला नव्हता.

हरकत बिनतोड आहे. म्हणूनच आम्ही ‘लष्कराला मोकळीक द्या’ असं म्हणत नाही. मोकळीक आणि हुकूम या उलट गोष्टी आहेत. हुकुमात किती, कुठे, कधीपर्यंत आणि कोणाच्या जबाबदारीवर हे लिहिलेलं असतं. १३० व्या कलमातला ‘कमीत कमी बळ’ हा शब्द स्वतंत्र भारताच्या लष्कराला लागू आहे आणि त्याचा जाब विचारता येतो. लष्कर नुसतं फिरवत ठेवलं की जाब विचारायला काहीच उरत नाही. मेलं कोण तर लोक. चुकलं कोण तर कोणीच नाही.

४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं या दंगलींबाबत सांगितलं की कायदा-सुव्यवस्था राखण्यात राज्य कमी पडलं, आणि १६८ बेपत्ता माणसांपैकी ज्यांच्या वारसांना भरपाई मिळाली नव्हती त्यांना शोधून ती द्या. तीस वर्षांनी. चार दिवसांची चालढकल, तीस वर्षांचा हिशेब.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. पुढे कधीही, कुठेही, अशी चौकशी नेमली तर कामाच्या चौकटीत दोन ओळी वाढवा. गुप्तवार्तेचा कोणता कागद कोणाकडे किती वाजता गेला. लष्कराला लेखी काय आणि किती वाजता सांगितलं. या दोन ओळी असतील तर खुर्चीवर बसलेल्या माणसाला पहिल्या तासालाच माहीत असेल की आपलं गप्प बसणंही नोंदलं जातंय.

काकांना आम्ही काय सांगितलं? सांगितलं, तुमच्या ट्रकला थांबायला कोणी सांगायचं होतं ते कायद्यात आहे. किती दिवस कोणी सांगितलं नाही ते अहवालात आहे. का सांगितलं नाही, ते मात्र आम्हाला अजून सापडलेलं नाही. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “म्हणजे मी इथे का राहतो ते अजून कुठे लिहिलेलं नाही.”

आता प्रश्न विचारा, वेळ भरपूर आहे. बायपास काही तासाभरात मोकळा होत नाही.